अर्धवट उघडलेला स्टेंट आणि शॉकवेव्ह बलून: कुठे पैसे वसूल, कुठे नाही

बेळगावजवळच्या खानापूरचं कौल दोन्ही हातांनी कितीही दाबलं तरी वाकत नाही. नेमक्या जागी ठोका बसला, की मात्र तडा जातो. हृदयाच्या धमनीतलं जुनं कॅल्शियम असंच वागतं. जुना मधुमेह, डायलिसिस, उतारवय आणि तंबाखू असली की धमनीच्या भिंतीत कॅल्शियमचं कडं तयार होतं (निपाणी पट्ट्यात तंबाखूबद्दल वेगळं सांगायला नको). ते कडं न फोडता आत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी) टाकला, तर स्टेंट दोन्ही टोकांना उघडतो आणि मधे चिमटून बसतो. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, याला बलूनची 'कंबर' राहिली म्हणतात.

अशा चिमटलेल्या स्टेंटवर सध्या ज्या उपकरणाचं नाव सगळ्यात आधी निघतं, ते म्हणजे शॉकवेव्ह कंपनीचं सी-टू लिथोट्रिप्सी (दाबाच्या लाटेने कॅल्शियम फोडणारं) बलून. कंपनी २०२४ पासून जॉन्सन अँड जॉन्सनकडे आहे. हे परीक्षण मुख्यतः त्याचं आहे, तेही फक्त एका कामापुरतं: आधीच टाकलेला, पण नीट न उघडलेला स्टेंट. नव्या ब्लॉकेजमध्ये हे बलून चांगलं चालतं, त्यावर फारसा वाद नाही. स्टेंटच्या आत मात्र हिशेब बदलतो. अमेरिकेत फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याला परवाना मिळाला, तोही स्टेंट न टाकलेल्या कॅल्शियमयुक्त धमनीसाठी, स्टेंट टाकण्याआधीची तयारी म्हणून. स्टेंटच्या आतला वापर त्या परवान्याबाहेरचा आहे. जगभर तो होतो, चांगल्या हातांत चांगला होतो. पण संमतीपत्रावर सही घेताना नातेवाइकांना हे सांगायलाच हवं.

आधी स्टेंट 'अर्धवट' म्हणजे किती, ते बघू. अँजिओग्राफीच्या चित्रात डोळा फसतो, कारण डोळा व्यास बघतो आणि रक्ताला लागतं क्षेत्रफळ. धमनी ३ मिमीची असेल तर तिचं क्षेत्रफळ साधारण ७.१ चौरस मिमी होतं. त्यात स्टेंट मधे २ मिमीवर अडकला, तर चित्रात तो 'थोडा कमी' वाटतो. क्षेत्रफळ मात्र ३.१ चौरस मिमी, म्हणजे ४४ टक्के. लेफ्ट मेन (डावी मुख्य धमनी) सोडून इतर धमन्यांत स्टेंटच्या सगळ्यात अरुंद जागी आयव्हसवर (धमनीच्या आतून केलेली सोनोग्राफी) ५.५ किंवा ओसीटीवर (आतून प्रकाशाने घेतलेलं चित्र) ४.५ चौरस मिमीपेक्षा जास्त जागा हवी, आणि आजूबाजूच्या निरोगी भागाच्या निदान ८० टक्के तरी हवी. याखाली राहिलेला स्टेंट पुन्हा बुजण्याची आणि त्यात अचानक गुठळी होण्याची शक्यता वाढते. गुठळी झाली तर ती थेट हार्ट अटॅक म्हणूनच समोर येते.

म्हणून आमचा पहिला आणि आडमुठा आग्रह: आयव्हस किंवा ओसीटी न करता हे बलून उघडूच नये. कंबर राहण्याची कारणं निरनिराळी असतात आणि हे बलून त्यातल्या एकावरच औषध आहे. स्टेंट मुळातच लहान मापाचा निवडला असेल तर लिथोट्रिप्सीने काहीही होणार नाही. त्याला मोठ्या मापाचं साधं नॉन-कम्प्लायंट (जास्त दाबातही मापाबाहेर फारसं न फुगणारं) बलून पुरे, फक्त त्या स्टेंटची रचना किती मिमीपर्यंत ताणते हे माहितीपत्रकात बघून. स्टेंटच्या बाहेर कॅल्शियमचं पूर्ण कडं असेल तर हे बलून खरं कामाचं. स्टेंटच्या आत वर्षानुवर्षांनी नवा थर वाढून त्यात कॅल्शियम धरलं असेल तरी उपयोग होतो. एकावर एक दोन स्टेंट असतील तर धातूचे दोन थर ओलांडून कॅल्शियम फोडायचं असतं. तिथे अपेक्षा कमी ठेवावी. कॅल्शियमची गाठ, म्हणजे नोड्यूल, एका बाजूने आत घुसलेली असेल तर निकाल बेभरवशाचा.

आयव्हसवर कॅल्शियम पांढरं चमकतं आणि मागे काळी सावली पडते, त्यामुळे किती अंशांत पसरलंय ते कळतं, जाडी कळत नाही. ओसीटीवर जाडी मोजता येते. ५ चा आकडा लक्षात ठेवला की पुरतं: जाडी ०.५ मिमीपेक्षा जास्त, लांबी ५ मिमीपेक्षा जास्त, घेर ५० टक्क्यांपेक्षा जास्त. हे तिन्ही जुळले तर साध्या बलूनने स्टेंट उघडेल या आशेवर राहू नये. ओसीटीला डाय (चित्रासाठी धमनीत सोडायचं औषध) जास्त लागतो. क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी कमजोर असलेल्या पेशंटमध्ये आयव्हसच बरं.

आता उपकरणाकडे. तीन भाग असतात: बॅटरीवर चालणारा जनरेटर, जोडणारी केबल (तिच्यावर निर्जंतुक आवरण चढवायचं) आणि एकदाच वापरायचं कॅथेटर. बलूनची लांबी १२ मिमी, माप २.५ ते ४ मिमी. बलूनच्या आत दोन ठिणगी-बिंदू असतात. ठिणगी पडली की आतल्या द्रवात बुडबुडा फुगतो, फुटतो आणि दाबाची लाट बाहेर पडते. ती मऊ पेशींतून निघून जाते, कडक कॅल्शियमला तडे पाडते. मुतखडा फोडण्याच्या यंत्राचंच तत्त्व, फक्त धमनीच्या आत. या एकेका लाटेला पल्स म्हणतात. तिचा दाब क्षणभर सुमारे ५० अॅटमॉस्फिअर (दाबाचं एकक) असतो, बलून मात्र फक्त ४ अॅटमॉस्फिअरवर फुगवलेलं असतं. सगळी गंमत त्यात आहे: धमनीला ताण न देता कॅल्शियमवर घाव.

तयारीत हयगय चालत नाही. सलाइन आणि डाय निम्मं निम्मं घ्या. २० मिलीच्या सिरिंजने किमान तीनदा व्हॅक्यूम ओढून आतली हवा पूर्ण काढा. हवेतून ही लाट नीट जात नाही, म्हणून बलूनमध्ये बुडबुडा राहिला तर त्या बाजूचे पल्स वाया जातात. या एका चुकीमुळे 'बलून काही कामाचं नाही' असा शेरा मारला जातो. कॅथेटर आत घालण्याआधी बाहेरचा लेप सलाइनने ओला करा. कोरडं कॅथेटर जुन्या स्टेंटच्या तारांवर अडखळतं.

त्याहीआधी वायरची (जिच्यावरून बलून आत सरकतं) खात्री. अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये काही तारा भिंतीपासून सुटलेल्या असतात, आणि नवी वायर आत जाताना एखाद्या तारेच्या मागून निघून जाऊ शकते. पडद्यावर ती सरळच दिसते. त्या वायरवरून बलून फुगवलं की स्टेंट उघडायच्या ऐवजी एका बाजूला चेपतो, आणि मग दुरुस्तीचीच दुरुस्ती करावी लागते. टोक वळवून, लूप करून वायर घालावी आणि ती पूर्ण लांबीभर स्टेंटच्या आतच आहे हे आयव्हसवर बघावं. आयव्हसचं कॅथेटरच पुढे जात नसेल तर २ मिमीचं साधं बलून आधी फुगवून वाट करावी, मग पुन्हा बघावं.

यानंतर योग्य मापाचं नॉन-कम्प्लायंट बलून १८ ते २० अॅटमॉस्फिअरवर एकदा. कंबर सुटली तर प्रश्न मिटला, पेशंटचे लाख-दोन लाख वाचले. सुटली नाही तर तेच बलून पुन्हा पुन्हा, आणखी आणखी दाबाने फुगवत बसू नये. कंबरेच्या दोन्ही बाजूंना बलून फुगत राहतं, आणि स्टेंटच्या कडेला निरोगी धमनी फाटते.

लिथोट्रिप्सी बलूनचं माप धमनीच्या निरोगी भागाइतकं, एकास एक. 'स्टेंटमधून जात नाही म्हणून जरा लहान' घेतलं तर बलून भिंतीला टेकत नाही आणि लाट पोचत नाही. ४ अॅटमॉस्फिअरला फुगवा, १० पल्स द्या (सेकंदाला एक), मग ६ अॅटमॉस्फिअरपर्यंत न्या, कंबर बघा, बलून रिकामं करा आणि किमान १० सेकंद रक्त वाहू द्या. ही एक फेरी. पुढची फेरी त्याच जागी किंवा थोडी सरकवून. सरकवताना आधीच्या जागेवर २ मिमी तरी ओव्हरलॅप ठेवा. सी-टूच्या एका कॅथेटरमध्ये एकूण ८० पल्स, म्हणजे आठ फेऱ्या. नव्या सी-टू-प्लसमध्ये १२०. स्टेंटच्या आत पल्स सगळीकडे सारखे वाटत बसू नका. ओसीटीवर जिथे कडं पूर्ण दिसतं तिथेच तीन-चार फेऱ्या खर्च करा. बलून फुगलेलं असताना धमनीत रक्त थांबतं. एलएडीच्या (हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी धमनी) तोंडाशी काम चालू असेल आणि हृदयाचं पंपिंग आधीच कमी असेल, तर बीपी पडण्याआधी फेरी थांबवायची तयारी हवी.

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे: शेवटच्या पल्सनंतर 'झालं' म्हणून कॅथेटर काढून घेतात. लिथोट्रिप्सी स्टेंट उघडत नाही, ती फक्त कॅल्शियमला तडे पाडते. उघडायचं काम त्यानंतर नॉन-कम्प्लायंट बलूनने, १८ ते २० अॅटमॉस्फिअरवर, एकास एक मापानेच होतं. मग पुन्हा आयव्हस किंवा ओसीटी, पुन्हा क्षेत्रफळ. आकडा आला नाही तर थांबायचं की पुढे जायचं, हे तेव्हा ठरवा. आधी ठरवून ठेवू नका.

दोष कोणते? पहिला, कॅथेटर जाड आहे. बलूनचा भाग सुमारे १.१ मिमीचा, त्यामुळे जिथे स्टेंट खरंच घट्ट चिमटलेला आहे, तिथेच ते जात नाही. गाइड एक्स्टेन्शन (आधार देणारी जादा नळी) घेऊन, आधी २ ते २.५ मिमीच्या बलूनने वाट करून बहुतेक वेळा जातं. नाहीच गेलं तर जोर करू नका. दुसरा, स्टेंटच्या आत बलून फुटण्याचा धोका जास्त, कारण तुटक्या तारेचं टोक किंवा टोकदार कॅल्शियम असतं. पल्स चालू असताना इंडिफ्लेटरचा (बलून फुगवायचा पंप) काटा अचानक खाली आला की लगेच पल्स थांबवा, व्हॅक्यूम करा, बाहेर काढा. तिसरा, पल्ससोबत हृदयाचे ठोके पकडले जातात; मॉनिटरवर चुकार ठोके दिसतात. डिसरप्ट कॅड-३ या अभ्यासात ते सुमारे ४१ टक्के पेशंटमध्ये दिसले आणि बहुतेक निरुपद्रवी होते. तरीही पेसमेकर किंवा आयसीडी (बिघडलेले ठोके शॉकने सुधारणारं यंत्र) असलेल्या पेशंटमध्ये यंत्राची माहिती आधीच काढून ठेवावी. चौथा दोष किमतीचा. एक कॅथेटर लाखांत जातं, आणि कंबर सुटली नाही तरी पैसे परत नाहीत.

औषध लेपलेला स्टेंट नुकताच टाकला असेल आणि त्याच टेबलावर कंबर राहिली असेल, तर आणखी एक अडचण. लाटांनी औषधाच्या लेपाला इजा होण्याची शंका राहते. तरीही चिमटलेला स्टेंट तसाच सोडण्यापेक्षा हा धोका पत्करणं बरं, असं आमचं मत.

स्पर्धकांबद्दल थोडक्यात, एक सोडून. ते एक म्हणजे स्वित्झर्लंडच्या एसआयएस मेडिकलचं ओपीएन बलून. त्याला दोन थर असतात, त्यामुळे ते ३५ अॅटमॉस्फिअरपर्यंत झेलतं आणि दोन्ही टोकांना डमरूसारखं फुगत नाही. ते लिथोट्रिप्सीपेक्षा स्वस्त पडतं, आणि स्टेंटच्या बाहेर कॅल्शियम असूनही पुष्कळदा कंबर सोडवतं. लॅबमध्ये दोन्ही असतील तर आम्ही आधी हेच हातात घेऊ, माप धमनीच्या बरोबरीचं किंवा अर्धा मिमी लहान, आणि दाब घाई न करता पायरी पायरीने. अडचणी दोन. नेहमीचा इंडिफ्लेटर साधारण ३० अॅटमॉस्फिअरला संपतो, म्हणून जास्त दाबाचा वेगळा लागतो. तो मागवायला विसरून फक्त बलून मागवलं तर ते नुसतं महागडं नॉन-कम्प्लायंट बलून ठरतं. आणि चुकून मोठं माप घेतलं तर धमनी फाटण्याचा धोका खरा आहे. टेबलाजवळ कव्हर्ड स्टेंट (फाटलेली जागा झाकणारा) आणि पेरिकार्डियम, म्हणजे हृदयाभोवतीची पिशवी, रिकामं करायचा ट्रे तयार नसताना ३५ पर्यंत जाऊच नये.

कटिंग बलून, म्हणजे बॉस्टन सायंटिफिकचं वुल्व्हरिन, स्टेंटच्या आत वाढलेल्या मऊ-चिवट थरासाठी छान. धातूच्या पलीकडच्या कॅल्शियमपर्यंत त्याची पाती पोचत नाहीत. लेझर, ३०८ नॅनोमीटरचा, ०.९ मिमी कॅथेटरने डाय टाकत टाकत वापरला तर अशा स्टेंटमध्ये उत्तम चालतो. पण तो मोजक्याच केंद्रांत मिळतो. ऑर्बिटल अॅथरेक्टमीचं (कॅल्शियम घासून काढायची एक पद्धत) फिरतं डोकं स्टेंटच्या तारांत अडकू शकतं, म्हणून तो विचार सोडावा.

रोटाब्लेशनबद्दल मात्र गैरसमज भरपूर. 'ड्रिल मारून स्टेंट मोकळा करतात' असं वेटिंग रूममध्येही बोललं जातं. हिऱ्याचा थर असलेलं १.२५ किंवा १.५ मिमीचं बर्र (ड्रिलचं डोकं) मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेऱ्यांनी फिरवून स्टेंटची धातूच घासली जाते, हे खरं. पण बर्र स्टेंटमध्ये अडकलं तर ते सोडवायला सर्जन लागू शकतो, धातूचा चुरा पुढे जाऊन रक्तप्रवाह मंदावतो, आणि उघडण्याचं काम शेवटी बलूनलाच करायचं असतं. हे शेवटचं हत्यार. वापरायचंच तर एक फेरी २० सेकंदांच्या आत, आणि वेग ५,००० फेऱ्यांपेक्षा जास्त खाली पडला की ताबडतोब मागे. खरं तर हेच रोटाब्लेशन स्टेंट टाकण्याआधी केलं असतं, तर पुढची उस्तवार झाली नसती.

स्टेंटच्या आत जुना थर वाढलेला असेल, तर कंबर सुटल्यावर औषध लेपलेलं बलून लावून काम संपवावं. धातूचा आणखी एक थर चढवायचा मोह टाळावा. कडेला फाटलं असेल, स्टेंट तुटला असेल किंवा मधे फट असेल तरच नवा स्टेंट.

आता आपल्या सीमाभागाचं. अथणीचा पेशंट मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, खानापूरचा बेळगावला किंवा गोव्याकडे. पहिली अँजिओप्लास्टी एका ठिकाणी आणि दुरुस्ती दुसरीकडे असं इथे नेहमीचंच. त्यामुळे कागद सोबत हवेत. आधीच्या अँजिओग्राफीची सीडी (छापील फोटो नव्हे), स्टेंटचं स्टिकर असलेलं कार्ड, म्हणजे कंपनी, व्यास, लांबी, आणि टाकताना किती अॅटमॉस्फिअरला फुगवला तो आकडा. शेवटचा आकडा बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर नसतो. प्रोसीजर नोटची प्रत मागून घ्या. फोनवर विचारायचे प्रश्न तीन: आयव्हस किंवा ओसीटी लॅबमध्ये आहे का, लिथोट्रिप्सीचा जनरेटर कायमचा आहे की केसपुरता मागवावा लागतो, आणि हव्या त्या मापाचं कॅथेटर त्या दिवशी हाताशी असेल का. जनरेटर आला आणि फक्त ३.५ चं कॅथेटर आलं, तर ३ मिमीच्या धमनीत त्याचा काही उपयोग नाही.

खर्चाचं. २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, पण ती स्टेंटपुरती. या बलूनला ती लागू नाही. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये तातडीचं नसेल तर खाजगी रुग्णालयात जाण्याआधी सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली आरोग्य योजना जाहीर केली आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. ते राजकारण बाजूला ठेवून पेशंटने एवढंच करावं, की कोणत्याही योजनेत जाताना आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातला योजनेचा माणूस) पॅकेजमध्ये लिथोट्रिप्सी बलून आहे की नाही हे लेखी घ्यावं. 'अँजिओप्लास्टी मोफत' या दोन शब्दांच्या आश्वासनात ते आपोआप येत नाही. बलून बाहेरून घ्यायचं ठरलं तर बिलावर बॅच नंबर आणि वापरलेल्या कॅथेटरचं स्टिकर मागा. आधी वापरलेलं कॅथेटर पुन्हा वापरायचं नसतं, आणि पल्सची मोजणी संपली की जनरेटर ते चालवतही नाही.

गोळ्यांबाबत कुठेही तडजोड नको. अॅस्पिरिन आणि सोबतची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर, जे काही दिलं असेल ते, दात काढायचा असला किंवा गावातल्या डॉक्टरांनी 'रक्त फार पातळ झालंय' म्हटलं तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. दुरुस्त केलेल्या स्टेंटमध्ये हे दुप्पट लागू.

घरी निघताना डिस्चार्ज कार्डावर दोन आकडे लिहून घ्या: दुरुस्तीआधी सगळ्यात अरुंद जागा किती चौरस मिमी होती, आणि नंतर किती झाली. दोन्ही जागा रिकाम्या असतील तर कॅथलॅबमध्ये परत जाऊन मागा. आयव्हस झालं असेल तर ते मशीनमध्ये असतातच.